एक्सेल, कॅल्क आणि गूगल शीट्स: तारखा न बिघडवता माहिती हलवण्याची रीत

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाची सभासद-यादी जुन्या कॉम्प्युटरवरून नव्या लॅपटॉपवर आणि एक्सेलमधून लिबरऑफिस कॅल्कमध्ये नेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते अर्ध्या तासाचे काम आहे अशी माझी समजूत होती. यादी सीएसव्ही फाइलच्या रूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या रूपात मिळाली. मी ती लॅपटॉपवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, सेव्ह केली आणि पुढे कॅल्कमध्ये नेली. सप्टेंबरमध्ये त्या यादीवरून वर्गणी संपलेल्या सभासदांना स्मरणपत्रे गेली. दोन दिवसांनी एक निवृत्त गुरुजी वाचनालयात आले, खिशातून घडी केलेली पावती काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “अहो, डिसेंबरपर्यंतची वर्गणी भरली आहे मी. मेमध्येच कशी संपली?” पावतीवर मुदत ०५/१२/२०२३ अशी होती. आमच्या यादीत ती १२ मे २०२३ झाली होती. चूक सर्वस्वी माझी होती, कारण तो लॅपटॉप अमेरिकी पद्धतीच्या, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर अशा सेटिंगवर होता आणि फाइल उघडण्यापूर्वी मी ते पाहिलेच नव्हते.

ती यादी दुरुस्त करताना जे शिकावे लागले, ते इथे क्रमाने लिहिले आहे. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, शाळा, दुकान अशा कोणत्याही ठिकाणच्या नोंदी एका स्प्रेडशीटमधून दुसरीत न्यायच्या असतील, तर हीच रीत लागू पडेल.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ असावे असे साहित्य

- मूळ फाइल आणि तिची एक अस्पर्श प्रत. या प्रतीला हात लावायचा नाही. शक्य असल्यास ती पेन-ड्राइव्हवर वेगळी ठेवावी.
- ज्यांच्या तारखा कागदावरून ताडून पाहता येतील अशा दहा-बारा नोंदी, म्हणजे पावत्या, प्रवेश-अर्ज किंवा रजिस्टरची पाने. यांतील निम्म्या नोंदींत दिवसाचा आकडा बारा किंवा त्याहून कमी असावा. असे का, ते तिसऱ्या पायरीत कळेल.
- दोन्ही कॉम्प्युटरांवरील प्रादेशिक सेटिंगची माहिती.
- नोटपॅडसारखा साधा टेक्स्ट एडिटर. सीएसव्ही फाइलमध्ये प्रत्यक्ष काय लिहिले आहे, हे पाहण्यासाठी तो लागतो.

या लेखातील सूत्रे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष शीटमध्ये ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करावीत. त्यांतील ए२ म्हणजे रकान्यातील पहिली तारीख असलेला सेल. कॅल्कमध्ये काही सेटिंगवर सूत्रातील स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम द्यावा लागतो.

१. तारीख म्हणजे आत लपलेली संख्या, हे आधी पाहून घ्या

कोणत्याही सेलमध्ये ०१/०१/२०२४ ही तारीख टाइप करा आणि त्या सेलचा फॉरमॅट “नंबर” असा करा. ४५२९२ हा आकडा दिसेल. स्प्रेडशीट तारीख साठवते ती अशी, म्हणजे एका ठरावीक दिवसापासून मोजलेल्या दिवसांच्या संख्येच्या रूपात. दिवस, महिना आणि वर्ष हे त्या संख्येवर चढवलेले कपडे असतात. वेळ ही त्या संख्येचा अपूर्णांक असते. दुपारचे बारा म्हणजे ०.५ आणि सकाळचे सहा म्हणजे ०.२५.

यावरून दोन गोष्टी निघतात. कपडे बदलल्याने संख्या बदलत नाही, त्यामुळे एकाच्या पडद्यावर ०५-१२-२०२३ आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ५ डिसेंबर २०२३ दिसले तरी आत ४५२६५ हाच आकडा असेल तर काळजीचे कारण नाही. उलट, कपडे तेच राहून आतला आकडा बदलला असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. गुरुजींच्या नोंदीचे नेमके हेच झाले होते. अमेरिकी सेटिंगवर एक्सेलने ०५/१२/२०२३ हा मजकूर “पाचव्या महिन्याचा बारावा दिवस” असा वाचला, आत ४५०५८ हा आकडा ठेवला आणि पडद्यावर दाखवले ५/१२/२०२३. सुरुवातीचे एक शून्य तेवढे गळले होते. बाकी सारे जसेच्या तसे. मी ती यादी वरून खालपर्यंत नजरेखालून घातली होती आणि तरीही मला काही खटकले नाही.

तारखेसारखा दिसणारा मजकूर हा आणखी एक प्रकार असतो. त्याच्या आत संख्या नसते, नुसती अक्षरे असतात. असा मजकूर सेलमध्ये डावीकडे चिकटतो, तर खरी तारीख उजवीकडे. मात्र कोणी हाताने मांडणी बदलली असेल तर या खुणेवर विसंबता येत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे शेजारच्या रकान्यात =इजनंबर(ए२) हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढणे. उत्तर “ट्रू” आले तर ती खरी तारीख, “फॉल्स” आले तर मजकूर. कॅल्कमध्ये याहून सोपी सोय आहे. कंट्रोल आणि एफ८ ही बटणे एकत्र दाबली की संख्या निळ्या, सूत्रे हिरवी आणि मजकूर काळा दिसू लागतो. तारखांच्या रकान्यात काळे सेल दिसले की समजावे, इथे काम आहे.

नवख्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे अशा मजकुराच्या सेलवर “डेट” फॉरमॅट लावून तारीख दुरुस्त झाली असे मानणे. मजकुरावर तारखेचे कपडे चढत नाहीत. सेल आहे तसाच राहतो आणि पुढे वजाबाकी केली की सूत्र चूक दाखवू शकते.

२. दोन्ही कॉम्प्युटरांची प्रादेशिक सेटिंग तपासा

०५/१२/२०२३ ही डिसेंबरची तारीख की मेची, याचा निर्णय फाइल घेत नाही. तो ती उघडणारे यंत्र घेते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या “रीजन” या भागात तारखेचा छोटा फॉरमॅट दिसतो. तिथे महिना आधी असेल, तर एक्सेलही महिना आधी धरते. नवे लॅपटॉप पुष्कळदा अमेरिकी इंग्रजीवर मांडून येतात आणि आपण घड्याळाचा टाइमझोन तेवढा भारताचा करून थांबतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

कॅल्कमध्ये ही सेटिंग “टूल्स”, “ऑप्शन्स” आणि मग भाषेच्या सेटिंगमध्ये असते. तिथे “लोकॅल” (म्हणजे भाषा आणि प्रदेश) निवडता येतो आणि त्याखाली तारखा ओळखण्याचे साचे लिहिता येतात. दिवस-महिना-वर्ष हा साचा तिथे असेल, तर टाइप केलेली तारीख त्या क्रमाने वाचली जाते. वर्ष-महिना-दिवस हा चार अंकी वर्षाचा क्रम मात्र कॅल्क नेहमीच ओळखते.

गूगल शीट्समध्ये सेटिंग कॉम्प्युटरची नसून त्या फाइलची असते. “फाइल” मेनूतील “सेटिंग्ज”मध्ये जाऊन “लोकॅल” भारत असा करावा. हे काम माहिती आणण्यापूर्वीच करायचे, कारण नंतर लोकॅल बदलल्याने आधीच चुकीच्या वाचलेल्या तारखा सुधारत नाहीत. तिथला टाइमझोनही पाहून घ्यावा. आजची तारीख देणारी सूत्रे त्याच्यावर चालतात.

३. अर्धवट बिघाड ओळखायला शिका

या कामातला सर्वांत फसवा सापळा हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबू. दिवस आधी लिहिलेल्या तारखांची सीएसव्ही फाइल महिना-आधी असलेल्या यंत्रावर उघडली की रकान्याचे दोन तुकडे होतात. ३१/०३/२०२४ वाचताना यंत्राला एकतिसावा महिना सापडत नाही, म्हणून ते हा सेल मजकूर म्हणून जसाच्या तसा सोडते. ०१/०४/२०२४ मात्र त्याला सहज वाचता येते आणि आपले १ एप्रिल, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस, गुपचूप ४ जानेवारी होते.

पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच डावीकडे चिकटलेल्या सेलकडे जाते. तो म्हणतो की एवढ्याच नोंदी बिघडल्या आहेत, आणि त्या हाताने नीट टाइप करतो. खरे पाहता त्या नोंदी निर्दोष होत्या, कारण त्यांचा मूळ मजकूर शाबूत होता. बिघडल्या होत्या त्या उजवीकडे नीट रांगेत बसलेल्या, गुणी दिसणाऱ्या तारखा.

हिशेब सांगायचा तर वर्षातील १४४ दिवस असे असतात की ज्यांत दिवसाचा आकडा बाराच्या पुढे जात नाही. त्यांपैकी १२ दिवसांत दिवस आणि महिना एकच असल्यामुळे (५ मे, ६ जून याप्रमाणे) अदलाबदल होऊनही काही बिघडत नाही. उरलेले १३२ दिवस आवाज न करता बदलतात. बाकीचे २२१ दिवस मजकूर होऊन राहतात. लीप वर्षात ते २२२ असतात.

यातूनच बिघाड ओळखण्याची खूण मिळते. शेजारच्या रकान्यात =इफ(इजनंबर(ए२),डे(ए२),””) हे सूत्र लिहून खाली ओढा आणि त्या रकान्यातील सर्वांत मोठा आकडा “मॅक्स” सूत्राने काढा. यादीत शे-दोनशे खऱ्या तारखा असूनही दिवसाचा आकडा कुठेच बाराच्या पुढे जात नसेल, तर तो योगायोग नसतो. तुमच्या तारखांची अदलाबदल झालेली आहे.

दुरुस्तीसाठी मूळ सीएसव्ही फाइल हाताशी असेल तर दुसरा विचार न करता ती नव्याने, नीट आणावी (पायरी ५). ती हरवली असेल तर हे सूत्र वापरता येते:

=इफ(इजनंबर(ए२), डेट(इयर(ए२),डे(ए२),मंथ(ए२)), डेट(व्हॅल्यू(राइट(ए२,४)),व्हॅल्यू(मिड(ए२,४,२)),व्हॅल्यू(लेफ्ट(ए२,२))))

सेलमध्ये संख्या असेल तर हे सूत्र दिवस आणि महिना पुन्हा अदलाबदल करून जागेवर आणते; मजकूर असेल तर पहिली दोन अक्षरे दिवस, चौथे-पाचवे अक्षर महिना आणि शेवटची चार अक्षरे वर्ष असे धरून तारीख बनवते. यात दोन अटी आहेत. मजकूर दोन अंकी दिवस आणि दोन अंकी महिना अशा साच्यात असला पाहिजे. ३/४/२०२४ असे लिहिलेले असेल तर अक्षरे मोजून काम होणार नाही. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. बिघाड झाल्यानंतर कोणी हाताने तारखा टाइप किंवा दुरुस्त केल्या असतील, तर त्या बरोबर नोंदी हे सूत्र उलट्या करून टाकील. आमच्याकडे बिघाडानंतर नोंदलेले चाळीसेक सभासद होते. त्यांच्या ओळी आधी वेगळ्या शीटवर काढल्या आणि मगच सूत्र चालवले.

४. बाहेर काढताना तारखेला वर्ष-महिना-दिवस हे रूप द्या

शक्य असेल तर सीएसव्हीच्या वाटेला जाऊच नये. कॅल्क एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल थेट उघडते आणि गूगल शीट्सही ती आयात करते. या फाइलमध्ये तारीख आकड्याच्या रूपातच जात असल्याने ती पुन्हा वाचण्याचा आणि चुकण्याचा प्रश्नच येत नाही. कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस फाइलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी निःसंदिग्ध लिहिलेली असते, त्यामुळे तीही भरवशाची आहे.

तथापि पुष्कळदा समोरचे पोर्टल किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर सीएसव्हीच मागते. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर. तिच्यात आकडा जात नाही, पडद्यावर दिसणारे कपडे जातात. म्हणून सेव्ह करण्यापूर्वी तारखांचे सर्व रकाने निवडून त्यांना चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस आणि मध्ये आडवी रेघ असा फॉरमॅट द्यावा, म्हणजे २०२३-१२-०५. हा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम आहे. हे मानक प्रथम १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. या क्रमात पाच डिसेंबरचा बारा मे होत नाही, कारण वर्ष आधी लिहून मग दिवस आणि शेवटी महिना लिहिण्याची पद्धत व्यवहारात कुठे रूढ नाही.

पडद्यावर ०५-डिसेंबर एवढेच दिसत असेल तर सीएसव्हीत तेवढेच जाते आणि वर्ष कायमचे नाहीसे होते. तसेच रकाना अरुंद असल्यामुळे तारखेऐवजी हॅशची चिन्हे दिसत असतील, तर सेव्ह करण्याआधी तो रुंद करून घ्यावा.

मराठी नावे असलेल्या याद्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी. एक्सेलमध्ये सेव्ह करताना साध्या सीएसव्हीऐवजी “सीएसव्ही यूटीएफ-८” हा प्रकार निवडावा; साध्या प्रकारात देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. सीएसव्हीमध्ये एका वेळी एकच शीट जाते, हेही लक्षात ठेवावे.

यानंतर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या दहा ओळी वाचाव्यात. त्या पाहण्यासाठी पुन्हा एक्सेलमध्ये उघडू नये. एक्सेल २०२३-१२-०५ बरोबर वाचते खरे, परंतु लगेच त्या यंत्राच्या पद्धतीचे कपडे चढवते आणि तुम्ही सवयीने कंट्रोल-एस दाबले की तीच संदिग्ध रूपे पुन्हा फाइलमध्ये लिहिली जातात. एवढ्या कष्टाने दिलेला फॉरमॅट एका बटणाने जातो.

५. आत घेताना डबल-क्लिक करू नका

एक्सेलमध्ये आधी कोरी फाइल उघडावी, “डेटा” टॅबमध्ये “फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही” निवडावे आणि दिसणाऱ्या खिडकीत डेटाचा प्रकार ओळखण्याच्या सूचीतून “डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स” घ्यावे. मूळ पर्याय पहिल्या २०० ओळी पाहून प्रकार ठरवतो, आणि त्या २०० ओळींत काय असेल ते आपल्या हातात नसते. मग “ट्रान्सफॉर्म डेटा” दाबून तारखेच्या रकान्याच्या शीर्षकावर उजवे क्लिक करावे, “चेंज टाइप” मधील “यूझिंग लोकॅल” हा शेवटचा पर्याय घ्यावा, प्रकार तारीख आणि लोकॅल “इंग्लिश (इंडिया)” असा द्यावा. लोकॅल इथे तारीख ज्या पद्धतीने लिहिली आहे तिचा द्यायचा असतो, आपल्या यंत्राचा नव्हे.

कॅल्कमध्ये हे काम अधिक सरळ आहे आणि माझे मत विचाराल तर या एका बाबतीत कॅल्क एक्सेलच्या पुढे आहे. सीएसव्ही उघडताच आयातीची खिडकी आपोआप समोर येते. कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ निवडावा, खालच्या नमुन्यात तारखेच्या रकान्यावर क्लिक करावे आणि वरच्या सूचीतून “डेट (डीएमवाय)” म्हणजे दिवस-महिना-वर्ष किंवा “डेट (वायएमडी)” म्हणजे वर्ष-महिना-दिवस यांपैकी फाइलमध्ये असलेला क्रम द्यावा. एन्टर दाबून ही खिडकी घाईने घालवू नये, एवढेच.

गूगल शीट्समध्ये “फाइल”, “इम्पोर्ट” या मार्गाने फाइल आणताना मजकुराचे आकडे, तारखा आणि सूत्रे बनवण्याचा एक चौकोन दिसतो. फाइलमध्ये वर्ष-महिना-दिवस असा क्रम असेल तर तो टिक केलेला राहू द्यावा. क्रमाची खात्री नसेल तर टिक काढून सारे मजकूर म्हणून आणावे आणि मग सूत्राने तारखा बनवाव्यात.

कॉपी-पेस्ट करून माहिती नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ब्राउझरमधून एक्सेलमध्ये पेस्ट करतानाही दिसणारा मजकूर जातो आणि घेणारा प्रोग्राम तो आपल्या पद्धतीने वाचतो. म्हणजे चौथ्या पायरीतील फॉरमॅट कॉपी करण्यापूर्वीही द्यायलाच हवा.

रकाना मजकूर म्हणून आधीच आलेला असेल, तर एक्सेलमध्ये तो निवडून “डेटा” टॅबमधील “टेक्स्ट टू कॉलम्स” चालवता येते. पहिल्या दोन पायऱ्यांत काही न तोडता पुढे जावे आणि तिसऱ्या पायरीत “डेट” निवडून डीएमवाय हा क्रम द्यावा. संपूर्ण रकाना मजकूर असेल तरच हे करावे. अर्धा मजकूर आणि अर्धा संख्या असेल तर या लेखातील तिसरी पायरी पुन्हा वाचावी.

६. तारीख नसलेल्या गोष्टी तारीख होऊ देऊ नका

आमच्या पुस्तकांच्या यादीत कपाट आणि फळी यांचा क्रमांक ३-१२ असा लिहिलेला होता. तिसऱ्या कपाटाची बारावी फळी एक्सेलमध्ये तारीख झाली. गृहनिर्माण संस्थांत सदनिकेचा क्रमांक, शाळेत तुकडी आणि हजेरी क्रमांक यांचेही असेच होते. हा बिघाड उलटवता येत नाही, कारण मूळ मजकूर टाकून दिला जातो आणि चालू वर्षातील एका तारखेची संख्या तेवढी उरते. आयात करतानाच असे रकाने “टेक्स्ट” म्हणून घ्यावेत. हाताने टाइप करायचे असेल तर रकान्याला आधी टेक्स्ट फॉरमॅट द्यावा, टाइप केल्यावर नव्हे.

हा उपद्रव किती दूरवर गेला आहे याचे एक उदाहरण आहे. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये सेप्ट१ आणि मार्च१ यांसारखी नावे बदलून सेप्टिन१ आणि मार्चएफ१ अशी केली, कारण संशोधकांच्या एक्सेल फाइलींत ती वारंवार सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा होत होत्या. पुढे २०२३ मध्ये एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोयही आली. ती “ऑप्शन्स” मधील “डेटा” या भागात आहे. मात्र ती अक्षरे आणि आकडे जोडून लिहिलेल्या नावांसाठी आहे. ३-१२ सारख्या क्रमांकाला तिचे संरक्षण नाही.

७. दोन अंकी वर्षे आणि देवनागरी अंक

जुन्या रजिस्टरवरून उतरवलेल्या याद्यांत वर्ष बहुधा दोन अंकी असते. अशा वेळी प्रोग्राम एक सीमा धरून शतक ठरवतो. अनेक ठिकाणी ही सीमा २९ असते, म्हणजे २९ चे २०२९ होते आणि ३० चे १९३०. सेटिंगप्रमाणे ती बदलतेही. १९२८ साली जन्मलेल्या आजींना आमच्या यादीने अजून जन्मालाच घातले नव्हते. सर्व वर्षे चार अंकी करून मगच फाइल हलवावी.

एखाद्या कार्यकर्त्याने तारखा देवनागरी अंकांत भरल्या असतील, तर त्या तारखा म्हणून वाचल्या जातील असे गृहीत धरू नये. “फाइंड अँड रिप्लेस” ने दहाही अंक एकेक करून इंग्रजी करून घ्यावेत. दहा वेळा बटण दाबण्याचे हे काम पाच मिनिटांत होते. महिन्याचे नाव मराठीत लिहिलेले असेल, तर त्याच पद्धतीने नावाच्या जागी महिन्याचा क्रमांक घालावा.

८. चार वर्षे आणि एक दिवस मागे गेलेल्या तारखा

सर्वच तारखा सारख्या अंतराने सरकलेल्या दिसल्या, तर सेटिंगला दोष देण्याआधी ते अंतर मोजा. ते १४६२ दिवस असेल, तर मूळ फाइल बहुधा जुन्या मॅकवर बनलेली आहे. एक्सेलमध्ये दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एक १ जानेवारी १९०० पासून आणि दुसरी १ जानेवारी १९०४ पासून. दुसरी पद्धत मॅकच्या जुन्या आवृत्त्यांत मूळचीच होती. फाइल उघडताना प्रोग्राम तिच्यातील पद्धतीची खूण वाचतात, त्यामुळे अडचण येत नाही. परंतु एका पद्धतीच्या फाइलमधून दुसऱ्या पद्धतीच्या फाइलमध्ये पेस्ट केले की आकडा तोच राहून अर्थ बदलतो. १ एप्रिल २०२४ ही तारीख तेव्हा ३१ मार्च २०२० दिसते. रिकाम्या सेलमध्ये १४६२ लिहून तो कॉपी करावा, तारखा निवडून “पेस्ट स्पेशल” मधून “अ‍ॅड” करावे आणि तारखेचा फॉरमॅट पुन्हा लावावा.

१९०० च्या पद्धतीतही एक गंमत आहे. एक्सेलमध्ये ६० ही संख्या २९ फेब्रुवारी १९०० दाखवते, आणि असा दिवस उगवलाच नव्हता, कारण चारशेने भाग जात नसल्याने १९०० हे लीप वर्ष नव्हते. लोटस १-२-३ या त्या काळच्या लोकप्रिय प्रोग्राममधली ही चूक होती आणि त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. कॅल्क आणि गूगल शीट्स यांनी शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ धरून हा हिशेब जुळवला आहे. त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे तिन्ही ठिकाणी आकडे तंतोतंत जुळतात.

त्याआधीच्या तारखांची मात्र अडचण होते, आणि आपल्याकडच्या जुन्या संस्थांना ती हमखास भेटते. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ मधली; अशा संस्थेच्या दाखल-नोंदवहीतील एकोणिसाव्या शतकातल्या तारखा एक्सेल मजकूर म्हणूनच ठेवील. कॅल्क त्यांना खऱ्या तारखा मानते. तथापि ती फाइल एक्सेलमध्ये गेली की त्या ऋण संख्या ठरतात आणि तारखेच्या फॉरमॅटमधील ऋण संख्येच्या जागी एक्सेल हॅशची चिन्हे दाखवते. अशा नोंदींसाठी वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन वेगळे रकाने करणे हाच मला सर्वांत टिकाऊ मार्ग वाटतो.

९. हलवून झाल्यावर बेरीज जुळवा

आधी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही ठिकाणी तारखेच्या रकान्यावर =काउंट आणि =काउंटए ही सूत्रे चालवावीत. पहिले संख्या मोजते, दुसरे भरलेले सर्व सेल मोजते. दोन्ही उत्तरे सारखी असतील तर रकान्यात मजकूर शिल्लक नाही. मग =मिन आणि =मॅक्स ने सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख काढून ती शक्यतेत बसते का ते पाहावे.

यानंतर तारखांची चक्क बेरीज करावी. तारखांची बेरीज ऐकायला विचित्र वाटते, पण त्या आत संख्याच आहेत. =सम या सूत्राचे उत्तर नंबर फॉरमॅटमध्ये दोन्ही ठिकाणी वाचावे. १ मार्च १९०० नंतरच्या तारखा असतील आणि दोन्हीकडे पद्धत १९०० ची असेल, तर बेरीज एका दिवसानेही चुकता कामा नये. फरक १४६२ गुणिले नोंदींची संख्या इतका आला, तर आठव्या पायरीकडे जावे. फरक थोडा आणि अपूर्णांकात आला, तर तारखांसोबत वेळही आलेली आहे. गूगल फॉर्मच्या नोंदींत ती असतेच. वेळ नको असेल तर =इंट(ए२) ने ती कापावी, नाहीतर “आजच्या तारखेच्या बरोबर” अशी अट लावलेली सूत्रे एकही नोंद शोधणार नाहीत.

बेरीज जुळली तरी काढून ठेवलेल्या दहा-बारा पावत्या हातात घेऊन त्या नोंदी एकदा पाहाव्यात, कारण जुनी फाइलच आधी बिघडलेली असेल तर बेरीज दोन्हीकडे सारखीच चुकीची येते. शेवटी त्याच फाइलमध्ये “नोंद” नावाचे एक शीट जोडून तारखा कोणत्या क्रमाने लिहिल्या आहेत, फाइल कोणत्या दिवशी कोणत्या प्रोग्राममधून आणली आणि कोणत्या ओळी हाताने दुरुस्त केल्या, हे तीन-चार ओळींत लिहून ठेवावे. आमच्या नोंदीच्या शीटवर पहिली ओळ गुरुजींच्या पावती क्रमांकाची आहे.